कलम सात

त्याचं सुटकापत्र मीच टाइप केलं,
एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर, एसीखाली शाल घेऊन.
अकरा वर्षं, सहा अल्बम,
आणि शेवटी दीड पान.
मधे चहा आला, म्हणून एक वाक्य
थंड होऊन मग पूर्ण झालं.

नाव: नरसिंग अंबादास येमूल.
मूळ राहणार सोलापूर, अशोक चौकाच्या मागे.
हल्ली मुक्काम धायरी.
धंदा: इथे मी जरा थांबले.
मग 'गायक' लिहिलं. तो हसला असता.
"गात नाय बे, बोलालोय,"
असं त्यानं पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलेलं,
आणि साहेबांनी त्या 'बे'वर पेन आपटून म्हटलेलं,
हे काढू. पुण्यात हे चालत नाही.

काढलं.
सहा अल्बमभर 'बे' कुठं सापडायचा नाही.
कडक भाकरीसारखं त्याचं बोलणं
दुधात कुस्करून कुस्करून
आम्ही कोथरूडच्या ताटात वाढलं.
खपलं, खोटं कशाला बोलू.
माझा दिवाळीचा बोनस त्याच दुधातला.

कलम पाच: नाव कंपनीचं.
ज्या नावानं पोरं हात वर करून ओरडायची
ते नाव आता लोखंडी कपाटात,
हार्ड डिस्क आणि उरलेल्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यांशेजारी.
कलम सहा: सहाही अल्बम कंपनीचे.
कलम सात.

सही करण्याआधी त्यानं ओळीओळीवरून बोट फिरवलं.
बाप चादरीत तुटला धागा शोधायचा, म्हणे, तसं.
सातव्यावर बोट अडलं.
त्यानं वर बघितलं. माझ्याकडे, साहेबांकडे नाही.
काही न बोलता सही केली,
पेन परत दिलं, टोपण लावून.

आठ महिन्यांनी अल्बम आला.
वर नाव नाही, फोटो नाही,
नुसता एक पितळी बिल्ला, बापाचा, गिरणीतला: ४१८.
धायरीत फ्लेक्सच्या दुकानामागच्या खोलीत
भिंतींना चादरी ठोकून रेकॉर्ड केलेला.
छपाईच्या मशीनची घरघर मागं ऐकू येते.
काढलेली नाही.
मी ऐकला सिंहगड रोडवर, गर्दीत अडकून,
हेल्मेटच्या आत, एकाच कानात.

पहिल्या तीन गाण्यांत 'बे' मोजायचं मी सोडून दिलं.
एका ठिकाणी तो आईशी तेलुगूत बोलतो.
कळलं काहीच नाही, पण मागं नेऊन दोनदा ऐकलं.
मग चौथं.
ठेका नाही, काही नाही. तो फक्त वाचतो,
कोर्टातला शिरस्तेदार वाचेल तसं:

सदर कलावंताच्या आवाजावरील सर्व हाक
यापुढे कंपनीकडे राहतील.

हाक.
हक्क लिहायचं होतं.
माझ्या बोटांतून हाक पडली,
आणि वकिलाच्या, साहेबांच्या, शिक्क्याच्या डोळ्यांखालून
सुखरूप निघून गेली.

"मग मार की बे, कंपनी," तो म्हणतो, अगदी हळू,
"मार हाक.
बघू कोण वळालंय."
आणि पुढं दोन मिनिटं नुसती ती घरघर.
सिग्नल कधी सुटला कळलं नाही,
मागच्या रिक्षावाल्यानं आईवरून शिवी दिली.

हे कुणी टाइप केलं, साहेबांनी विचारलं.
फॉन्ट बदलताना झालं असेल, मी म्हटलं.

आज दत्तवाडीचा एक पोरगा आलाय,
एकोणीस पूर्ण, बरोबर मावशी, नवा शर्ट, घडीच्या रेषा तशाच.
कलम सात मी नीट लिहिलं. दोनदा तपासलं.
हक्क.
कागद पुढं सरकवताना दार बंद आहे ना बघितलं, म्हटलं,
वाच रे. बोट फिरवून वाच.

त्यानं पान उलटलं, मग परत सुलटं केलं.
"ताई, तुम्हीच सांगा ना,
सही कुठं करायची?"