खरं

परिपत्रक कानडीत आलं.
हुक्केरी बाईंनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं,
एका हातात बशी, मधेच थांबून मराठी करत:
यापुढे वाचायला शिकवणं
फक्त भाषेच्या मास्तरांचं काम नाही.
गणित, विज्ञान, समाज, चित्रकलासुद्धा.
पी.टी.चे कंग्राळकर म्हणाले,
मी काय वाचून घेऊ? शिट्टी?
सगळे हसले. मीही.

बावीस वर्षं गणित शिकवतोय या गावात
आणि बावीस वर्षं एकच मंत्र:
आकडे उचला रे, शब्द सोडा.

बेळगावात दोन दिवस ट्रेनिंग.
साहेबांनी आम्हालाच उदाहरण घातलं, कानडीत.
कानडी येते मला वाचायला, सावकाश,
बोट ठेवून, पोस्टातली पावती वाचावी तशी.
पण घाई होती. शेजारचा सोडवून मोकळा झाला होता.
चाळीस पोती. बारा विकली. पाव कुजली.
आकडे उचलले, शब्द सोडले,
लिहिलं अठरा.
उत्तर होतं एकवीस.
एक शब्द निसटला होता: उळिद.
उरलेली.
उरलेल्यांतली पाव.

जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोललो नाही.
आठवत बसलो, मंत्र पाठ करून
किती जण अठरावर बसले असतील,
आणि मी लाल शाईनं फुल्या मारत गेलो असेन.

सोमवारी आठवीच्या फळ्यावर
तेच उदाहरण मराठीत उतरवलं, आकडे गाळून.
काही पोती रताळी. त्यातली काही बाजारात विकली.
उर्वरित पोत्यांपैकी काही कुजली.
भरमा गावडे, हात नेहमी पहिला वर,
पेन दातात धरून बसला.
सर, आकडे?
आकडे नाहीत. वाचा.
वर्गात नुसता पंख्याचा आवाज,
तोही लाइट गेली तेव्हा थांबला.

पौर्णिमा बोकमूरकर उठली.
चाचणीत तिला पाचाच्या वर मी कधी दिले नाहीत.
अक्षर अक्षर चाचपत गेली,
अंधारात जिना उतरावा तशी,
आणि एका पायरीवर अडली.
उर... उरव... सर, उरावरचं पोतं?
पोरं फिदीफिदी.
उर्वरित, म्हटलं. म्हणजे उरलेलं.
मग तसंच लिवायचं न्हवं पुस्तकात?
यावर ट्रेनिंगमध्ये काही सांगितलं नव्हतं.

मग आकडे घातले. चाळीस, बारा, पाव.
भरमानं एकवीस काढले, पौर्णिमानंही काढले,
वहीत, नीट, पायऱ्या मांडून.
मी शाबास म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली,
बरोबर हाय सर, खरं...

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
किती वर्षं खोडत आलो मी ते:
पण म्हण, पण. पेपर तपासणारे
इथले नसतात.
या खेपेला खोडलं नाही.

खरं काय?

खरं कुजल्याली बी उरत्यातच की.
म्हशीस्नी घालतो आमी.

पुस्तकामागे उत्तर एकवीस.
बोकमूरकरांच्या परड्यात अठ्ठावीस.
मी हातात खडू घेऊन उभा.
पुढच्याच पानावर स्वाध्याय होता:
विधान खरे की खोटे ते लिहा.

संध्याकाळी हुक्केरी बाई फॉर्म भरत होत्या.
गणिताच्या तासाला भाषेचं काय झालं,
त्यासाठी एवढीशी चौकट.
काय लिहू सर?
लिहा, एक शब्द अडला.
कुठला?
सांगितला.
अय्य, त्या म्हणाल्या, आमच्यातबी खरेच म्हणतात की त्याला,
खऱ्याला.
पेन टेकवलं, उचललं.
मग ह्यो मराठीत घालू का कानडीत?
रकाना एकच हाय.