दोनशे अठरा मीटर

रेझेक्नेच्या दुकानात माडारानं दोन दुर्बिणी काउंटरवर ठेवल्या.
ही सहाशे चाळीसची, म्हणाली, रानडुकराचे कान मोजा.
ही तीनशे चौऱ्याऐंशीची. डुक्कर दिसतं. कान समजून घ्यायचे.
गणित मात्र दोन्हींत तेच:
गोळीचं वजन भरा, वेग भरा,
हवेचा दाब ती स्वतः हुंगते,
अंतर लेझरनं,
आणि फुली आपसूक सरकते, जिथं धरायचं तिथं.
मी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली.
फरकात ट्रॅक्टरची मागची दोन्ही टायरं येत होती.
दुसरी घेतली.

तेव्हापासून मचाणावर माझ्याकडे
सावकाराचा हिशेब
आणि मोतीबिंदू झालेल्याची नजर.

ऑगस्ट. ओट कापणीला आलेले,
नदीकडची कड डुकरांनी लोळून सपाट केलेली.
दलदलीवरून धुकं चढलं की पडद्यावर सगळी एकच राख:
बर्च, कुंपण, दगड, गवताचे भारे.
उजळ फक्त व्हितोल्ड्सच्या मधमाश्यांच्या पेट्या,
अकरा, मी मोजल्या,
प्रत्येकीच्या दाराशी तांदळाएवढा पांढरा ठिपका.
दिवसा त्या निळ्या असतात.
या यंत्रात निळं काही नसतं.

साडेअकराला, पेट्यांच्या अलीकडे,
एक पांढरं, बुटकं, जाडसर काहीतरी
पुढून खाली झुकलेलं, माती उकरत असावं तसं.
बटण दाबलं. दोनशे अठरा.
फुली सरकली. चोवीस सेंटिमीटरची घसरण, वारा नाहीच.
इतकं नेमकं मला आयुष्यात कुणी काही सांगितलं नव्हतं,
ना डॉक्टरनं, ना बँकेनं,
ना झिग्रिदानं, घर सोडून जाताना.
सेफ्टी सरकवली.

आणि यंत्रानं डोळा मिटला.
टिक्.
करतं ते असं, दर दोन-तीन मिनिटांनी.
आत एक पातं पडतं, सेन्सर स्वतःला पुन्हा जोखतो,
तेवढा वेळ चित्र गोठून राहतं.
या टिक्‌ला मी रोज शिव्या घालतो.

चित्र सुटलं तेव्हा डुक्कर उभं होतं.
दोन पायांवर. एक हात कमरेवर.

मग खोकला आला.

दोनशे अठरा मीटरवरून खोकला यायला
गोळी जायला लागते त्याच्या दुप्पट वेळ लागतो.
हे यंत्रानं नाही सांगितलं,
मीच मांडलं नंतर, शिडीखाली, चिखलात बसून.
उतरताना एक पायरी पायाला सापडतच नव्हती.

सकाळी व्हितोल्ड्स फाटकाशी. हातात बरणी.
तुझ्या त्या डुकरांनी पेटी पाडली रे काल, म्हणाला,
अंधारात रांगत रांगत चौकटी गोळा केल्या,
दिवा लावला की डसतात.
आता बाराच्या बारा उभ्या आहेत परत.
तू नव्हतास मचाणावर?
होतो.
मग?
धुकं होतं, म्हटलं.

त्यानं बरणी पुढे केली. खोकला.
मी घेतली.
काचेवर त्याचा पंजा होता तेवढी जागा कोमट होती,
कुठल्याही सेन्सरला
दिसली असती, इतकी.