तीन नंबर

मी आता मिहानमध्ये काचेच्या इमारतीत बसते,
हजारो हलके थ्रेड आठ जाड थ्रेडांवर चढवते, उतरवते.
घरी म्हणाले, कर्नलला या हजारांचा पत्ताच नसतो,
तर आईनं विचारलं, फौजी माणूस आहे का गं?
नाही आई. बारापात्रे काका आहेत.

नवतपा. सक्करदऱ्याची अभ्यासिका.
कूलर एकच, त्याची जाळी कुरकुरत
डावीकडून उजवीकडे फिरायची,
प्रत्येक खुर्चीला मोजून वारा.
खुर्च्या चार. मुली एकोणतीस.
काकांच्या रजिस्टरात फक्त खुर्च्या:
एक, भरलेली. दोन, भरलेली.
कोणी भरलेली, असा रकानाच नव्हता.

आमचं आम्हीच ठरवायचो, जिन्यात,
वहीच्या शेवटच्या पानावर, करुणा मेश्रामच्या अक्षरात.
नियम एक: थांबायची वेळ आली की उठायचं.
झेरॉक्स यायची आहे? ऊठ.
गणित अडलं, सर फोन उचलत नाहीत? ऊठ, जिन्यात ये.
उठताना ओळीखाली पेन्सिलची खूण,
हातचा एक समासात,
आणि पुन्हा खुर्ची मिळाली की
त्याच अर्धवट शब्दापासून पुढे,
जणू मधली दुपार कोणी जगलंच नाही.
काकांच्या लेखी
चार खुर्च्या दिवसभर वाचत होत्या.

मग तृप्ती परातेला फोन आला, मेडिकलमधून.
वडील, वॉर्ड, रक्ताची बाटली,
"सांगतो थोड्या वेळानं."
ती उठली नाही.
उघड्या पुस्तकावर हात ठेवून भिंतीकडे पाहत राहिली.
जाळी आली, तिच्या केसांना वारा घालून गेली,
पुन्हा आली.
रजिस्टरात तीन नंबर, भरलेली.
जिन्यात तिच्यामागच्या सहा जणी,
आणि वहीत या गोष्टीला नियम नव्हता.
"उठव न तिला."
"तू उठव."

शेवटी शबाना काकांच्या टेबलाशी गेली.
आमच्यातून तिकडे बोलायला गेलेली ती पहिलीच.
"काका, तीन नंबर भरली आहे,
पण वाचून नाही राहिली."
काकांनी चष्म्यावरून पाहिलं, बराच वेळ.
मग स्वतःच्या बुडाखालचं स्टूल ओढून
कूलरसमोर ठेवलं,
रजिस्टरात लिहिलं: पाच,
आणि संध्याकाळपर्यंत उभे राहिले.

काल ढबालेनं माझा कोड तपासताना विचारलं,
थ्रेड अडकला की तू नवा काढतेस, बरोबर आहे,
पण त्या व्हेरिएबलचं नाव स्टूल काऊन?
मी म्हटलं, राहू दे.

साडेसहाला तृप्ती उठली, पुस्तक मिटलं, गेली.
पेन्सिल टेबलावरच होती.
मी नंतर पान न् पान चाळलं,
खूण कुठेच नव्हती.