सोळा पानं

आमच्या घरी पुस्तकं उघडी यायची.
म्हणजे पाठ फाटलेली, कव्हर गळालेली,
पोत्यात भरून, सायकलच्या कॅरिअरला करकचून,
उदगीरच्या वाचनालयातून चौबाऱ्याकडे,
मन्मथअप्पा बाइंडरच्या दारात.
अप्पा म्हणजे माझा बाप.
तो वाचायचा नाही. मोजायचा.

सोळा पानांचा फर्मा, फर्म्यावर फर्मा,
दाभणाची तीन भोकं,
खळीत चिमूटभर मोरचूद,
झुरळांनी अक्षरं खाऊ नयेत म्हणून.
शाळेत माझी बोटं निळी दिसायची.
शाई सांडली का गं, बाई विचारायच्या.
मी हो म्हणायचे.

मी वाचली ती पुस्तकं शिवायच्या आधीची.
सुटी. कुठूनही सुरू होणारी.
बोलक्या शिंगराची गोष्ट मला शेवटाकडून मिळाली:
आधी ते आईजवळ निजलं,
मग हरवलं,
आणि आठ दिवसांनी, पुढच्या पोत्यात,
जन्मलं.

खुनाचं पुस्तकही उलटंच.
खुनी कोण ते पहिल्याच संध्याकाळी ठाऊक:
औषधांच्या दुकानातला हातमोजेवाला, हसरा.
मग चार दिवस मी त्याला
गिऱ्हाइकांना सुटे पैसे मोजून परत देताना
बघत बसले.
म्हातारीला चार आणे जास्तच गेले एकदा. त्यानं मागितले नाहीत.
मला त्याची दया आली.
सरळ वाचणाऱ्यांना कधी आली नसणार.

आणि एक भगव्या पुठ्ठ्याचं, जाडजूड:
नवऱ्याची सोन्याची पेढी सोडून
एक बाई गुरू शोधत निघते, नदीकाठानं.
पानोपानी मौन.
मौनाबद्दल लिहिलेलं मात्र लई.
मला अर्धंमुर्धं कळायचं.
अप्पाला ते पुस्तक आवडायचं,
कागद चांगला होता.

मार्चअखेर. दुसऱ्या दिवशी मोजदाद,
चाळीस पुस्तकं एकदम, आणि नेमकं भारनियमन.
कंदिलापाशी मी फर्मे लावत गेले, अप्पा शिवत गेला.
भगव्यात चौदा, बरोबर.
खुनाच्यात एक कमी.
वाचनालयाच्या पुस्तकात असतोच, म्हणाला.
पहाटे पोती गेली.

दुपारी चटई झटकली
तर खाली सोळा पानं:
बाई, गुरू, शेवटची भेट.

मग तिच्या पुस्तकात मी काय घातलं होतं?
हातमोजेवाल्याची अटक.

मी कुणाला बोलले नाही.
पानं ट्रंकेत, परकराखाली.
खुनाचं पुस्तक वर्षभरात पुन्हा डागडुजीला आलं तेव्हा
शेवटच्या पानावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं:
शेवट फाडणारा हलकट आहे.
खाली दुसऱ्या अक्षरात: सहमत.
भगव्याची मात्र एक तक्रार नाही.
हातोहात फिरत होतं ते,
सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईंपासून
रिटायर तलाठी व्यंकटराव बिरादारांपर्यंत.

एकदा बिरादारच दारात आले, पुस्तक काखेत.
मी शिकंज्याआड.
"अप्पा, हे तुम्हीच शिवलाव का?"
अप्पाचा हात दाभणावरच थांबला.
"शेवटाला कुणीतरी हातकड्या घालतंय बगा, आन्
ज्याला घातल्या तो हसूलालाय.
बाई कुठं गेली, पत्त्याच नाही.
तीनदा वाचलो.
आता कुठं जरा उमजूलालंय."
आणि चहा न घेता गेले,
कधी नव्हे ते हळू चालत.

अप्पानं माझ्याकडं पाहिलं नाही.
माझ्या बोटांकडं पाहिलं.
"काय वाचूलालीस गं तू रोज?
एकदा मला बी सांग."

त्या रात्री सांगितलं.
शिंगरापासून सुरू केलं, जन्मापासून, सरळ,
तर म्हणाला, असं नको.
तुला जसं आलं तसं.

आता लातुरात माझ्या कपाटात
कोरी, घट्ट शिवलेली पुस्तकं आहेत.
ती सोळा पानं त्यांच्यामागे, आडवी.
वाचनालयाची इमारत बदलली, भगवं रद्दीत गेलं की
कुणाच्या उशाशी आहे, माहीत नाही.
गुरूनं तिला शेवटी काय सांगितलं
ते उदगिरात फक्त मला ठाऊक होतं,
आणि खरं सांगते, विशेष काही नव्हतं.

खुनाचं पुस्तक अजून तिथंच आहे म्हणे.
तो हसरा माणूस काउंटरवर उभा असेल,
हातमोजे घालून,
म्हातारीच्या तळव्यावर
सुटे पैसे मोजत.