साडेबारा चौरस मीटर

एक हेक्टर म्हणजे दोन एकर
आणि एकोणीस गुंठ्यांना जरासं कमी.
मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन
आणि कूस बदलून पुन्हा झोपेन.
बावीस वर्षं झाली,
दारव्ह्याच्या मोजणी कार्यालयात हाच माझा पाढा.

अडीच म्हणून मोकळे होतात लोक.
अडीच म्हणणारा माणूस हेक्टरमागे
गुंठाभराहून जास्त जमीन हवेतून काढतो,
आणि ती विकायलाही बसतो कधी कधी.

गुंठा आणि आर तर जुळेच वाटतात.
पण गुंठा थोरला,
साडेबारा चौरस फुटांनी.
एक माणूस अंगाचं मुटकुळं करून
निजेल, एवढ्याने.

तुळजाबाई पेंदोरच्या वावरात मार्चात गेलो.
पऱ्हाटी उपटून झालेली,
धुऱ्यावर काड्यांचे ढीग,
पांदणीतून येताना गोखरू चपलेत रुतलेले.
तिला विचारलं, किती आहे?
"चार एक्कर," ती म्हणाली.
"सासऱ्यानं सांगतलं म्हून नाई.
निंदायले छत्तीस बाया लागतात,
दिस मावळाच्या आत पात लागते त्या धुऱ्याले.
म्हून चार."

माझ्या तक्त्यात बाया नाहीत.
चौरस साखळ्या आहेत, दहांचा एक एकर.
ती साखळी आता कार्यालयात
कपाटामागे गंजून पडली आहे,
शंभर कड्यांपैकी दोन नाहीत.
आता यंत्र उभं करायचं,
आभाळातून आकडे येतात.

आकडे आले.
एक पूर्णांक एकसष्ट सत्त्याऐंशी.
सातबाऱ्यावर एक पूर्णांक बासष्ट.
"मंग कमी भरलं?" तिनं विचारलं.
नाही बाई, चार एकर ते चारच एकर.
कागदाला दोनच घरं असतात दशांशाची,
त्यात बसवताना वर सरकलं थोडं.
"थोडं म्हंजे कितलं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब केला.
साडेबारा चौरस मीटर.
पुन्हा केला. तोच आकडा, नुसतं माप मोठं झालेलं,
जसा एखादा मुलगा
बापाच्या नावाने ओळखला जावा.

"आन् थे हाय कुठी?"

कुठेच नाही.
असं सांगायला तोंड उघडलं होतं,
पण ती कमरेवर हात ठेवून उभी,
सव्वा अकराचं ऊन,
शिपाई तुराटी चघळत माझ्याकडे बघतोय.
मी काडी उचलली.
बोरीखाली, ढेकळं पायानं सारून,
साडेतीन बाय साडेतीन आखलं, वर चार बोटं जास्त.
घ्या.

तिनं चपला बाहेर काढल्या.
आत जाऊन बसली,
फडकं सोडलं, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा.
"बसा न सायेब.
हे सरकारनं देल्लेलं हाय."
शिपाई आधीच बसला होता.

जिथे जमीनच नाही तिथे जेवलो.
ठेच्यात मीठ किंचित जास्त होतं.
दुपारी अहवालात लिहिलं, क्षेत्र जुळते.
सही, शिक्का, तारीख.

या पावसाळ्यानंतर त्या बाजूला
दुसऱ्याच एका धुऱ्याच्या भांडणासाठी जाणं झालं.
तिच्या वावरात कपाशी गुडघ्याच्या वर,
तासं सरळ,
आणि बोरीपाशी एक चौकोन मोडून निघालेला:
त्यात अंबाडी, लालसर देठांची,
कडेला चार दगड, चुना लावलेले,
आपल्या हद्दीच्या दगडांसारखे.

तो चौकोन कुठून काढला तिनं?
तिच्याच चारातून, दुसरीकडून कुठून.
म्हणजे कपाशी तेवढी कमी.
पण तिच्या मनातल्या हिशेबात
कपाशीचे चार पूर्ण, आणि हा वेगळा.

यंत्र जीपमध्येच होतं.
शिपायानं विचारलं, लावू का साहेब?
मी म्हटलं, अंबाडीची दोन पानं मागून आण,
घरी भाजी होईल.