चष्मा पुसण्याची जागा

मोरकॅमला, समुद्र मैलभर मागे हटलेला असताना
थ्रेलफॉल माझ्या औषधाच्या दुकानात येत,
रक्तदाबाच्या गोळ्या घेत, आणि
आज कुठल्या आवाजात आभार मानू, असं विचारत.

चाळीस वर्षं ते डॉक्टर झाले.
कधी इन्स्पेक्टर, एकदा बिशप, पण बहुतेक डॉक्टर:
खोलीतून बाहेर येऊन मान हलवणारे.
ओल्डहॅमला दर आठवड्याला नवं नाटक,
दाढी तीच, डिंक नवा.
रेडिओवर मान हलवून भागेना,
म्हणून श्वास घेत. नुसता एक श्वास.
बटाटे सोलणारे हात थांबत म्हणे घरोघरी,
आणि त्याच्या मिळत दोन गिनी.
पडद्यावर चेहरा दिसला तो अकरा सेकंद.
बहिणीनं तीनदा तिकीट काढलं,
दोनदा नेमकी तेव्हाच शिंकली.

"वाक्य सोपं असतं हो, 'आम्ही शर्थ केली.'
खरं काम त्याच्या आधी. चष्मा काढायचा,
पुसायचा. तेवढ्यात बाईला कळतं.
मग वाक्य आपलं सोबतीला."

मार्चमध्ये लँकेस्टरच्या इस्पितळात
त्यांचं म्हणून कोणी नव्हतं; मीच बसले होते
पिशवीत त्यांच्या सपाता घेऊन.
दार उघडलं. पोरसवदा डॉक्टर,
सगळं वाक्य एका दमात बोलून गेला,
आणि चष्मा
नंतर पुसत राहिला, बराच वेळ,
माझ्याकडे न बघता.

मला वाटलं, आता आतून हाक येईल:
पुन्हा एकदा, बाळ. दारापासून.