ओळ चारशे बारा

डेगूच्या नाट्यगृहात, शेवटच्या रांगेमागे
काचेच्या खोपटात मी बसते.
तासावर पैसे, आत पाणी न्यायला बंदी.
ते फ्रेंचमध्ये गातात,
मी बटण दाबते.
रंगमंचाच्या दोन्ही अंगांना उभ्या पट्ट्यांवर
कोरियन उमटतं
आणि बाराशे माना वळतात, परत येतात,
टेनिस बघितल्यासारख्या.

घाई केली तर विनोदाआधीच हशा.
उशीर झाला तर मेलेला माणूस
क्षणभर बोलत राहतो.

काल लोइक चुकला.
बायकोचा निरोप घेताना दुसरं कडवं विसरला,
पहिलंच पुन्हा गायला, डोळे मिटून:
पाव घेऊन येतो हं, आलोच.
माझ्या बोटाखाली चारशे बारावी ओळ तयार:
मी आता येणार नाही.

दाबू?

दाबलं.

गळा म्हणत होता, येतो.
पट्टी म्हणत होती, नाही.
अंधारात कुणीतरी नाक ओढलं,
मग डावीकडे आणखी कुणी.

सुटल्यावर जिन्यापाशी हान बोक-सुन बाई उभ्या.
चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत फ्रेंच शिकवलेलं.
म्हटलं, आता कान उपटणार.

बाई मफलरचं टोक शोधत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"आमचे हे भाजीला म्हणून गेले होते.
ते काय म्हणाले, ते मी ऐकलं होतं गं.
बाजूची ओळ
आज वाचली."